राजा आणि गावची पंचायत

पंढरीहून फार दूर नसलेले आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे. पूर्वी ते औंध संस्थानात होते. संस्थान लहानसे, ७२ गावांचे. त्याचे अधिपती श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे सूर्यनमस्कारांचे प्रसारक, चित्रकार आणि स्वतः कीर्तनाला उभे राहणारे राजे म्हणून पुष्कळांस ठाऊक आहेत. आम्हांस मात्र, वाचकहो, त्यांच्या वेगळ्याच कामाविषयी सांगायचे आहे.

माणदेशात पाऊस थोडा, तंटे फार. कुणी बांध कोरला, कुणी पाणी फिरवले, की भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसायचे. मग कोर्टाचे हेलपाटे, नि दाव्यापायी जमीन सावकाराच्या घशात! १९३९ साली बाळासाहेबांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने कारभार प्रजेच्या हाती सोपविला. गावोगाव निवडलेल्या पंचायती आल्या, आणि न्यायही गावातच होऊ लागला. बांध सगळ्यांच्या डोळ्यांपुढचा. तिथे खोटे किती वेळ टिकणार? ज्याच्याशी अबोला, त्याचेही म्हणणे चारचौघांत बसून ऐकावे लागे. पंच झाले तरी माणसेच, भावकीची ओढ त्यांनाही असणार, हे आम्ही जाणतो. राजेही जाणत असतील. तरी त्यांनी माघार घेतली नाही.

याहून अवघड काम आटपाडीजवळ स्वतंत्रपुरात झाले. मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे यहुदी इंजिनिअर, राजे यमाईचे भक्त. पण दोघांचे जमले. कैदी तिथे भिंतींवाचून, बायकापोरांसह शेती करू लागले. १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट त्यावरूनच सुचला. संस्थान १९४८ साली विलीन झाले. वसाहत मात्र राहिली.