बाबासाहेब परदेशी शिकायला गेले तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरायला बसलो आणि तिसऱ्याच पानावर अडलो. शिक्षणाचा व राहण्याचा खर्च कोण करणार, असा त्यात एक रकाना होता. आमचे बाबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत वह्या लिहितात. कर्जासाठी बँकेत गेलो तर साहेबांनी घराचा उतारा आणायला सांगितला. घर आजोबांनी बांधलेले, त्यावर आजवर कधी बोजा चढलेला नाही. बाबा लगेच तयार झाले. आई काहीच बोलली नाही आणि तिचे न बोलणे मला जड गेले. मी अर्ज मिटून ठेवला.

त्याच आठवड्यात आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांनी या अंकासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अर्थशास्त्रीय विचारांवर लेख लिही म्हणून सांगितले. वाचनालयातून चरित्रे आणली. अर्थशास्त्र वाचायला म्हणून बसलो आणि वाचत राहिलो ते मात्र दुसरेच. ज्या मुलाला शाळेत इतरांपासून वेगळे गोणपाटावर बसावे लागे तो मुलगा न्यूयॉर्कला कसा पोचला, तिथे जेवला काय, राहिला कुठे आणि पैसे कोणाचे, हेच मी शोधत बसलो. सरांनी रागावू नये.

जन्म १४ एप्रिल १८९१ चा, इंदूरजवळच्या महूचा. वडील रामजी सुभेदार लष्करातले. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे. हे सर्वांना ठाऊक आहे. मला थांबवले ते एका लहानशा गोष्टीने. रामजींनी आपल्या मुलाकडून इंग्रजीसाठी हॉवर्डची वाचनपुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून घेतल्या होत्या. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. कॉलेजात पहिल्या वर्षी इंग्रजीतून शिकवलेला हिशेबशास्त्राचा तास मला अर्धा कळे आणि अर्धा मी शेजारच्या कानडी मित्राला विचारून घेई. त्यामुळे तर्खडकरांचे नाव वाचून मला किती बरे वाटले ते मराठी शाळेतून आलेल्यांना सांगायला नको.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या दरमहा पंचवीस रुपयांच्या मदतीवर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तोच वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. २ फेब्रुवारीला रामजी वारले. चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, या बावीस वर्षांच्या मुलाने बडोदे संस्थानशी एक करार केला.

करार हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय, म्हणून तो मी दोनदा वाचला. संस्थानाने तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे; मुलाने ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करायची. वर्गात आम्ही प्रतिफल, संमती, पात्रता असे शब्द पाठ करतो. इथे प्रतिफल म्हणून आयुष्याची दहा वर्षे लिहून दिलेली होती. वडील नुकतेच गेलेले, घरी पत्नी रमाबाई आणि भावाचे कुटुंब. अशा वेळी सही करताना हात थांबला असेल की नाही, हे कुठल्याच चरित्रात लिहिलेले नाही.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात पहिल्यांदा उतरले, पण तिथले जेवण त्यांना सोसेना. तिथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना नावाच्या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले. परक्या गावात पहिली खोली धड मिळत नाही, दुसरीत मन लागत नाही आणि तिसरीत एखादा मित्र भेटतो. माझा मामेभाऊ पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याचेही असेच झाले होते. फरक इतकाच, की भथेनांशी जडलेली ती मैत्री जन्मभर टिकली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

न्यूयॉर्कमध्ये आणखी एक गोष्ट घडली. सर्वांबरोबर एका टेबलावर बसून जेवावे, कोणत्याही बाकावर बसावे, ग्रंथालयातले कोणतेही पुस्तक हातात घ्यावे, हे त्यांना जन्मात प्रथमच विनाअडथळा करता आले. आपल्यापैकी जे बाहेर जातात त्यांना तिथे परके वाटते. त्यांना मात्र परकेपण इथे, आपल्याच देशात, भोगावे लागले होते.

आता अभ्यासाचा हिशेब. कोलंबियात त्यांनी घेतलेले पाठ्यक्रम असे: अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी १. बेरीज करून पाहिली, साठ होतात. तीन वर्षांत साठ! आम्ही एका सत्रात सहा विषय आले की विद्यापीठाविरुद्ध निवेदन देतो. गुरू मिळाले तेही थोर. सार्वजनिक वित्तव्यवस्थेचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार व अर्थव्यवस्था या विषयावर प्रबंध लिहून ते एम. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राच्या गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. तेव्हा ते पंचविशीचे होते. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा प्रबंध पीएच. डी. साठी तयार झाला. मात्र प्रबंध छापून दिल्याशिवाय पदवी द्यायची नाही असा तिथला नियम होता. छापायला पैसे नव्हते. ते पुस्तक १९२५ साली निघाले आणि पदवी प्रत्यक्ष हाती पडली १९२७ साली. काम झाल्यावर अकरा वर्षांनी!

साडेअकरा पौंडांतून ते घरी पैसे पाठवीत आणि उरलेल्यांतून जुनी पुस्तके विकत घेत. न्यूयॉर्क सोडताना अशी सुमारे दोन हजार पुस्तके जमली होती. ती एका परिचिताबरोबर मायदेशी पाठवली, पण त्यांतली बरीचशी वाटेतच कुठे गेली कळले नाही.

१९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातले. अभ्यासाला लागतात न लागतात तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. एक शहाणपण मात्र त्यांनी केले, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून काढून ठेवली. मग निघाले.

पहिले महायुद्ध चालू होते. सामान व पुस्तके एका जहाजावर चढवली आणि स्वतः मार्सेल्सहून कैसर-ई-हिंद या दुसऱ्या बोटीने निघाले. सामानाच्या जहाजाला पाणतीराने जलसमाधी मिळाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले तेव्हा हातात विशेष काही नव्हते. सामानाचा विमा उतरवलेला होता म्हणून टॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये भरपाई मिळाली आणि बडोद्याला जाण्याची सोय झाली. विमा या विषयावर सर नेहमी आगीची आणि गोदामाची उदाहरणे देतात. पुढच्या वर्षी त्यांनी हे द्यावे अशी माझी नम्र सूचना आहे.

बडोद्याला काय झाले ते लिहिताना पेन जड होते. कोलंबियाचा हा एम. ए. स्टेशनवर उतरला तर न्यायला कोणी नाही. राहायला कोणी जागा देईना. शेवटी नाव बदलून, पारशी म्हणून, एका पारशी धर्मशाळेत त्यांनी बिऱ्हाड केले. कचेरीत शिपाई कागद हातात न देता लांबून टाकीत. पिण्याचे पाणी मिळेना. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दाराशी आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. त्या दिवशी बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली ते बसून होते. दहा वर्षांच्या चाकरीचा करार अकरा दिवसांत असा संपला. करार कोणी मोडला, असा प्रश्न कायद्याच्या पेपरात आला तर मी काय लिहीन, याचा विचार करतो.

एक पारशी लाठी घेऊन आला होता आणि दुसरा पारशी, नवल भथेना, त्यांचा जिवाचा मित्र होता. म्हणून या प्रसंगावरून कोणत्याही समाजाबद्दल घाईने बोलू नये असे मला वाटते.

मुंबईत परतून त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याची एक पेढीही काढली. सल्ला चांगला असे, गिऱ्हाईके येऊ लागली. पण सल्लागाराची जात कळली आणि गिऱ्हाईके थांबली. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात, म्हणजे वाणिज्याच्याच कॉलेजात, ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा साडेचारशे रुपये. विद्यार्थी त्यांच्या तासाला गर्दी करीत, तर काही सहकारी प्राध्यापक त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावू नये म्हणून हरकत घेत. पगार बरा होता, पण राहणे परळच्या चाळीतील दोन खोल्यांतच ठेवले. रमाबाई घरखर्च काटकसरीने चालवीत आणि बाकीचे पैसे लंडनसाठी बाजूला पडत. चरित्रकार रमाबाईंना दोन-चार ओळींत आटपतात. मला वाटते, या सगळ्या शिक्षणाचे खरे जामीनदार त्याच होत्या, आणि जामीनदाराचे नाव पदवीवर येत नाही. हे वाक्य लिहिल्यावर मी उठून स्वयंपाकघरात आईशी थोडा वेळ बोललो. घर गहाण पडेल याची तिला भीती नव्हती. मी परत येणार नाही याची होती.

मार्च १९२० मध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली. त्याच महिन्यात आमच्या भागापासून लांब नसलेल्या माणगावला परिषद झाली आणि तिला कोल्हापूरचे शाहू महाराज स्वतः आले. महाराजांनी लंडनसाठी मदत केली. भथेनांनी पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. पहिल्या खेपेला संस्थानाचा करार होता, या खेपेला स्वतःची बचत, राजाची मदत आणि मित्राचे कर्ज. १९२० च्या सप्टेंबरअखेर ते पुन्हा लंडनला हजर झाले. चार वर्षांची मुदत अजून शिल्लक होती.

या खेपेचे हाल वाचून मात्र मी घाबरलो. घरमालकीण हात आखडणारी. सकाळी पावाचा एक तुकडा आणि कपभर बोव्हरिल, म्हणजे मांसाचा पातळ अर्क. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, उघडल्यापासून बंद होईपर्यंत. भाडे वाचवायला शहरभर पायी. रात्री भूक लागली की कोणी दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. लंडनच्या थंडीत, परक्या घराच्या शेगडीवर भाजलेला आपला पापड! आमच्या घरी परदेशी जायचे निघाल्यापासून आत्याने पहिली चौकशी पापड-लोणचे नेऊ देतात का याचीच केली होती. तेव्हा मी हसलो होतो.

१९२१ साली ते एम. एस्सी. झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला. सरांचा मूळ विषय हा, म्हणून दोन शब्द. १८९३ साली सरकारने चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाची किंमत आपल्या हाताने ठरवण्याची पद्धत हळूहळू आली. केन्ससारखे अर्थशास्त्रज्ञ या सुवर्ण विनिमय पद्धतीची तरफदारी करीत. बाबासाहेबांचे म्हणणे, की अशा पद्धतीत सरकारला नाणी वाढवण्याची मोकळीक राहते, भाव चढतात आणि गरिबाच्या हातातला रुपया झिजतो. चलनाची खरी कसोटी विनिमयाच्या दरात नसून त्याने देशात काय विकत मिळते त्यात आहे. महिनाअखेरीस आईला वाण्याच्या यादीतील दोन जिन्नस खोडताना पाहिलेल्या मुलाला हे समजायला पुस्तक फार लागत नाही.

मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी प्रबंध सुधारून आणायला सांगितले. त्यातील सरकारवरची टीका त्यांना झोंबली असे चरित्रकार म्हणतात. लंडनला थांबायला पैसे उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, मांडणी बदलली, पण निष्कर्ष बदलले नाहीत. प्रबंध पुन्हा लंडनला पाठवला आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात डी. एस्सी. मिळाली. डिसेंबरात पुस्तक निघाले. त्याला प्राध्यापक एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि ते आईवडिलांना अर्पण केले आहे. आई तर ते लहान असतानाच गेली होती.

एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला अस्पृश्यांची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष होते बॅरिस्टर डॉ. आंबेडकर. आमचे पणजोबा त्या परिषदेला गावाहून चालत गेले होते, एवढे घरात सांगतात. तिथे त्यांनी काय ऐकले ते कोणी विचारून ठेवले नाही. भथेनांचे पाच हजार केव्हा फिटले, हे मी शोधत आहे.

बाबांनी परवा पंचायतीतून घराचा उतारा आणून कपाटात ठेवला आहे. मी सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीसाठीही अर्ज केला आहे. तिची यादी अजून लागायची आहे. तिसऱ्या पानावरचा रकाना तोवर पेन्सिलीनेच भरून ठेवला आहे.