झोपेतून जागं करणारा गोंयकार

गोव्याला गेलात की समुद्र, मासे, मंगेशी-शांतादुर्गा हे सगळं होतंच. पण पणजीला मांडवीच्या काठी, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याशेजारी एक पुतळा आहे, तो किती जणांनी थांबून पाहिलाय? लांब झग्यातला एक पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक बाई मागे कलंडते आहे. लहानपणी आजोळी जाताना मला त्या पुतळ्याची भीती वाटायची. हा माणूस त्या बाईला काहीतरी करतोय, अशी माझी पक्की समजूत होती. मामाने एकदा सांगितलं, तो आबे फारिया, माणसांना झोपवायचा. झालं! त्यानंतर मी त्या रस्त्याने मान खाली घालून चालायचो.

पुढे नोकरीनिमित्त मँचेस्टरला आलो, संसार झाला आणि आबे फारिया विस्मरणात गेला. तो पुन्हा भेटला तो एका सिगारेटमुळे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी त्याची.

जुझे कुस्तोदियो द फारियाचा जन्म ३१ मे १७५६ रोजी बार्देश तालुक्यातल्या कांदोळी गावी, आईच्या घरी झाला. वडील कायतान व्हितोरिनो कोलवाळचे. मूळचं घराणं ब्राह्मण, काही पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेलं. आईवडिलांचं पटलं नाही. दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं आणि तेही जगावेगळ्या रीतीने. वडील पाद्री झाले, आई जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाच्या मठात जोगीण झाली. पंधरा वर्षांच्या पोराला घेऊन वडिलांनी बोट पकडली आणि १७७१ च्या नोव्हेंबरात बापलेक लिस्बनला उतरले. आपण आज विमानात बसतो, मोबाइलवरून आईला व्हिडिओ कॉल करतो. त्या पोराने मात्र आई मागे सोडली ती सोडलीच.

लिस्बनहून रोम. तिथे शिकून १७८० साली तो पाद्री झाला, डॉक्टरेट मिळवली आणि परत लिस्बनला आला. इथे ती प्रसिद्ध गोष्ट घडली असं सांगतात. पोर्तुगालची राणी पहिली मारिया हिच्यासमोर राजवाड्यातल्या चॅपेलमध्ये त्याला प्रवचन द्यायचं होतं. समोर सगळा दरबार. तरुण फारिया व्यासपीठावर चढला आणि त्याची बोबडीच वळली. एक शब्द फुटेना. तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत सांगितलं, की अरे, ही समोरची सगळी नुसती भाजी आहे, काप बिनधास्त! आणि पोराची जीभ मोकळी झाली. प्रवचन झकास झालं. म्हणे त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात एक किडा वळवळू लागला : एका वाक्याने माणूस क्षणात बदलतो, तो कसा काय?

पण सुखाचे दिवस टिकले नाहीत. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पिंटोंचं बंड उघडकीला आलं. पंधरा जणांना देहान्त शासन झालं. संशयाची सुई लिस्बनमधल्या वडिलांकडेही वळली. १७८८ मध्ये फारियाने पॅरिस गाठलं. वर्षभरात फ्रेंच राज्यक्रांती पेटली आणि १७९५ मध्ये हा गोंयकार पाद्री चक्क एका तुकडीच्या पुढे उभा राहून सरकारविरोधी उठावात सामील झाला!

त्या काळी पॅरिसमध्ये मेस्मरच्या विद्येची मोठी चर्चा होती. मेस्मरचं म्हणणं असं, की विश्वात एक चुंबकीय द्रव वाहतो आणि वैद्य तो रोग्याच्या अंगात सोडतो. १७८४ साली राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, असा द्रव वगैरे काही नाही, हा कल्पनेचा परिणाम आहे, असा निकाल दिला. मेस्मरच्या विरोधकांच्या मते विषय तिथेच संपला. फारियाला मात्र खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो असं वाटलं. नुसत्या कल्पनेने जर एवढं होत असेल, तर ती कल्पनाच तपासायला नको का?

१८११ मध्ये तो मार्सेला तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला, काही काळ नीमला शिकवलं आणि १८१३ साली पॅरिसला परतून क्लिशी रस्त्यावर त्याने जाहीर वर्ग सुरू केले. तिकीट पाच फ्रँक. त्याची पद्धत अगदी साधी. माणसाला आरामखुर्चीत बसवायचं, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगायचं आणि मग ठाम आवाजात झोपायचा हुकूम द्यायचा. काही जण झोपत, काही नाही. जे झोपत नसत त्यांना तो सरळ सांगे, की तुम्हाला हे जमण्यातलं नाही. चुंबक, काठी, टब, काही नाही. मुख्य म्हणजे, माझ्या अंगात कसलीही शक्ती नाही, जे घडतं ते तुमच्याच मनात घडतं, असं तो उघडपणे सांगायचा. विचार करा मंडळी, पैसे देऊन चमत्कार बघायला आलेल्या लोकांना हे सांगायला केवढं धाडस लागत असेल! त्याचं सगळंच बरोबर होतं असं नाही. रक्त पातळ असलेल्यांना ही झोप लवकर लागते, ही त्याची कल्पना चुकीचीच होती. पण मुद्द्याची गोष्ट त्याने हेरली होती.

त्याची किंमत त्याला मोजावी लागली. चर्चवाल्यांना यात सैतान दिसला. द्रववाल्यांना तो घरभेदी वाटला. एका नटाने झोपल्याचं सोंग घेऊन भर वर्गात त्याची फजिती केली आणि १८१६ मध्ये त्याच्यावर बेतलेलं एक विनोदी नाटक पॅरिसच्या रंगभूमीवर आलं. लोक हसले आणि वर्ग ओस पडले. मुलींच्या एका शाळेत धर्मगुरूची साधी नोकरी धरून तो आपलं पुस्तक लिहीत बसला. सजग झोपेच्या कारणांवरचा तो ग्रंथ १८१९ साली आला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला फारिया गेला. माँमार्त्रला त्याला पुरलं, पण थडग्यावर नावसुद्धा नाही. पुढे अलेक्झांदर द्यूमाने त्याचं नाव आपल्या काउंट ऑफ मॉंटे क्रिस्टो कादंबरीत कैदी पाद्र्याला दिलं, पण तिथे त्याला इटालियन करून टाकलं. परदेशात आपली ओळख कशी हरवते ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्याचा विचार मात्र मेला नाही. १८४१ साली इथे मँचेस्टरमध्येच जेम्स ब्रेड या शल्यचिकित्सकाने असाच एक खेळ पाहिला, प्रयोग केले आणि या विद्येला हिप्नॉटिझम हे नाव रुळवलं. पुढे फ्रान्समध्ये नान्सीच्या लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेचं महत्त्व सिद्ध केलं. एमिल कुए या औषधविक्रेत्याने तर माणसाने रोज स्वतःच स्वतःला सूचना द्यावी असं शिकवलं.

आता माझी सिगारेट. वीस वर्षं रोजच्या बारा-पंधरा. २००७ मध्ये इंग्लंडात बंद जागेत ओढायला बंदी आली, तर मी भर पावसात ऑफिसच्या मागे उभा राहून ओढायचो. एक दिवस पाच वर्षांची लेक मांडीवरून उतरून म्हणाली, की बाबाचा वास नको. ते फार लागलं. एका संमोहनतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांना मी गोव्याचा भाचा आहे हे कळलं तेव्हा त्यांनीच मला विचारलं, की आबे फारिया तुमचाच ना? मी ओशाळलो!

तीन बैठकांत मी काही झोपलो नाही. त्या इंग्रजीत सूचना देत होत्या आणि मी मनात भाषांतर करत होतो. मग त्या म्हणाल्या, की घरी बसून तुमच्या भाषेत तुम्हीच बोला. रोज सकाळच्या चहाआधी डोळे मिटून मी स्वतःला मराठीत सांगू लागलो, की चहा घ्यायचा, खिडकीशी उभं राहायचं, पण हात खिशाकडे जाणार नाही. चार महिने लागले. मध्ये पुण्यातल्या एका लग्नात घसरलो, पुन्हा सुरुवात केली. मग सुटली ती सुटली.

संमोहनानेच सुटली का? छातीठोकपणे नाही सांगणार. सिगारेट सोडण्यासाठी इतर उपायांपेक्षा संमोहन सरस आहे, असा भक्कम पुरावा संशोधकांना अजून मिळालेला नाही. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला आधी. पण लिस्बनच्या व्यासपीठावर गोठलेल्या त्या पोराला जी गोष्ट कळली ती मला पटली. दरबार पोर्तुगीज होता, पण कुलूप उघडलं ते घरच्या भाषेने.

मागच्या खेपेला लेकीला घेऊन पणजीला गेलो. ती पुतळ्यापुढे उभी राहून विचारते, की हा त्या बाईला झोपवतोय का? मी म्हटलं, की नाही गं, ती स्वतःच झोपतेय, हा फक्त सांगतोय.

यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर एखादी जुनी सवय सोडायचा संकल्प करणार असाल, तर तो आपल्या भाषेत करून बघा. शुभ दीपावली!