सर विल्यम गल

अन्न मिळाले नाही तर माणूस मरतो, हे आम्ही जाणतो. परंतु वाढलेले ताट समोर असता अन्न नाकारण्याचाही एक रोग आहे. त्या रोगास ज्यांनी नाव दिले, त्या सर विल्यम गल यांचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

गल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८१६ रोजी इंग्लंडातील कोल्चेस्टर येथे झाला. वडील मालवाहू नावेचे मालक होते. विल्यम दहा वर्षांचे असताना ते पटकीने वारले आणि मुलांचा भार मातेवर पडला. १८३७ साली विल्यम लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकावयास आले व तेथेच नामांकित डॉक्टर झाले. १८७१ मध्ये इंग्लंडच्या युवराजांच्या विषमज्वरावर त्यांनी उपचार केले व पुढील वर्षी ते 'सर' झाले.

आम्हांस त्यांची थोरवी दिसते ती निराळ्याच ठिकाणी. १८६६ साली सतरा वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. वजन अवघे ८२ पौंड, म्हणजे सुमारे ३७ किलो! तरी ती कसलीच तक्रार करीना. उलट सारखी हिंडेफिरे. पुढे तिचे वजन १२८ पौंड झाले. सर्वच रोगी मात्र वाचले नाहीत. १८७३ मध्ये गल यांनी या रोगास 'अॅनोरेक्सिया नर्व्होसा' म्हटले. बिघाड जठरात नसून मनात आहे. भूक असो वा नसो, ठराविक वेळाने अन्न द्यावे. रोग्याच्या मर्जीवर सोपवू नये आणि आप्तेष्टांना शुश्रूषेपासून दूर ठेवावे, असे त्यांचे मत होते.

हे मत कठोर वाटते खरे. पण या रोगाचे अनेक रोगी आजही उपचार अर्धवट टाकून रुग्णालयातून निघून जातात. वजन वाढणे हाच येथे उपचार, आणि रोग्याला भय वाटते तेही त्याचेच! अंग जरा भरू लागले की तो घरी जाण्याचा हट्ट धरतो. त्याचे रडणे पाहून आईबाप विरघळतात. तथापि आप्तांविषयीचे गल यांचे मत आम्हांस एकांगी वाटते. लंडनच्याच मॉड्स्ली रुग्णालयात गेल्या शतकाच्या अखेरीस जी पद्धत तयार झाली, तीत आईबापांनाच मुलाच्या ताटाजवळ बसवितात, आणि पुष्कळ मुलांना तिचा गुण येतो.

आमच्या पांढुर्ण्यात घरोघरी एकादशी पाळतात. ताट सरकविणाऱ्या मुलीचे आमच्याकडे कौतुकच व्हावयाचे. ती आजारी असेल, ही शंका कोणास यावी?

गल २९ जानेवारी १८९० रोजी निवर्तले. ज्या थॉर्प-ल-सोकन गावी त्यांचे बालपण गेले, तेथेच त्यांचे दफन झाले.