रामानुजन यांच्या शिकवण्या

प्रवेशपरीक्षांचे निकाल लागले, की शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून यशस्वी विद्यार्थ्यांची छायाचित्रे झळकू लागतात. अशा वेळी श्रीनिवास रामानुजन यांचे स्मरण होते. परीक्षेशी त्यांचा संबंध विद्यार्थी आणि शिकवणीमास्तर अशा दुहेरी नात्याने आला, आणि दोन्ही नात्यांनी तो फसला.

१८८७ साली इरोड येथे जन्मलेले रामानुजन कुंभकोणमला कापडदुकानातील एका कारकुनाच्या घरी वाढले. शाळेत असतानाच १९०३ च्या सुमारास जी. एस. कार यांचा गणितावरील ग्रंथ त्यांच्या हाती आला. कार हे लंडनमधील खाजगी शिकवणीमास्तर. परीक्षार्थींसाठी त्यांनी हजारो सूत्रे ओळीने मांडली होती. सिद्धता मात्र नावापुरत्या. आजच्या भाषेत ते गाईडच. इतरांनी ते पाठ केले असते. रामानुजन यांनी त्यातील सूत्रे स्वतः सिद्ध करण्याचा ध्यास घेतला.

या ध्यासाची किंमत त्यांना लगेच मोजावी लागली. १९०४ मध्ये ते शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात गेले. इंग्रजीने दगा दिला आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे मद्रासला पचय्यप्पा महाविद्यालयात त्यांनी पुन्हा नाव घातले. परंतु पदवीच्या वाटेवरील एफ. ए. परीक्षेत १९०६ आणि १९०७ अशा दोन्ही वेळा ते अनुत्तीर्ण झाले. गणिताखेरीज अन्य विषयांकडे त्यांचे लक्षच नव्हते.

मग पोटासाठी त्यांनी महाविद्यालयीन मुलांच्या शिकवण्या धरल्या. तेथेही नेमलेला अभ्यासक्रम सोडून ते अनंत राशींच्या विचारात रंगून जात. एका शिष्याने दोन आठवड्यांतच शिकवणी सोडली. मागणी उत्तीर्ण होण्याची होती आणि पुरवठा गणिताचा होत होता. हा व्यवहार टिकणार कसा?

१९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर ते कारकून झाले. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र धाडले. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने पदवीची अट बाजूस सारून त्यांना दरमहा ७५ रुपयांची संशोधनवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला पोहोचले. १९१६ मध्ये तेथील पदवी त्यांना संशोधनावर मिळाली, आणि १९१८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १९२० मध्ये, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

हे चरित्र शिकवणीविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येणार नाही. एका शिकवणीमास्तराच्या पुस्तकानेच त्यांना जागे केले होते. परीक्षाही टाळता येत नाहीत. हजारो अर्जदारांतून निवड करायची तर काही मोजमाप हवेच. तथापि त्या मोजमापात न बसणाऱ्याची दखल घेण्याची सोय विद्यापीठापाशी असली पाहिजे. १९१३ साली मद्रासने ती सोय केली. दरवर्षी प्रवेशपरीक्षेत मागे पडलेली मुले मान खाली घालून आमच्या वर्गात येऊन बसतात. त्यांतल्या कोणाची वही उघडून पाहण्यास आम्हा शिक्षकांना किती वेळा सवड होते, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतो.