लंकेचे प्रेषित संत जोसेफ वाझ

धर्मग्रामाच्या ज्युबिलीचा प्रसंग म्हणजे कृतज्ञतेचा प्रसंग होय. ज्या पूर्वजांनीं पोटास चिमटा घेऊन देऊळ उभारलें, ज्या धर्मगुरूंनीं तेथें पवित्र मिस्सा अर्पण केली, बालकांस बाप्तिस्मा दिला व मृतांस प्रार्थनेनें निरोप दिला, त्या सर्वांचें स्मरण अशा दिवसांत आपोआप होतें. परंतु याच वेळीं एक प्रश्न स्वतःस विचारणें आम्हांस अगत्याचें वाटतें. देऊळ आहे, घंटा आहे, धर्मगुरु आहेत; पण या सर्वांच्या योगें आम्ही देवाच्या आणि एकमेकांच्या अधिक जवळ आलों आहों काय? या प्रश्नाचा विचार करूं लागलें असतां आमच्याच कोंकणपट्टींत जन्मलेल्या एका पुण्यपुरुषाचें चरित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. जेथें देऊळ उरलें नव्हतें, घंटा वाजत नव्हती आणि धर्मगुरूस घरांत घेणें हाही गुन्हा होता, तेथें त्यांनीं विखुरलेले बांधव एकेक करून हुडकून काढले व त्यांची मंडळी पुन्हां उभी केली. ते पुण्यपुरुष म्हणजे संत जोसेफ वाझ होत. त्यांचें चरित्र आम्ही यथामति येथें सादर करीत आहों.

जोसेफ वाझ यांचा जन्म गोमंतकांतील सासष्टी प्रांतीं, बाणावली गांवीं, ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं झाला. बाणावली हें त्यांच्या मातेचें गांव. तिचें नांव मारिया द मिरांडा. पिता क्रिस्तोव्हाँव वाझ हे सांकवाळचे राहणारे होते. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. बाणावलीच्या संत जॉन बाप्तिस्त यांच्या देवळांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पोर्तुगीज भाषेचें शिक्षण सांकवाळास व लॅटिनचें बाणावलीस झाल्यावर पुढील अभ्यासाकरितां ते गोवा शहरीं गेले. तेथें येशूसंघाच्या संत पॉल विद्यालयांत व डोमिनिकन संघाच्या विद्यापीठांत शिकून १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली.

दीक्षा मिळाल्यानंतर थोड्याच दिवसांनीं त्यांनीं एक गोष्ट केली. तिच्यांत त्यांच्या सर्व आयुष्याची दिशा दिसून येते. ता. ५ ऑगस्ट १६७७ रोजीं सांकवाळ येथील आरोग्यमातेच्या देवळांत त्यांनीं पवित्र मरियेच्या चरणीं स्वतःस दास म्हणून वाहून घेतलें व तसें पत्र स्वहस्तें लिहून ठेविलें. त्या देवळाचा आतां केवळ दर्शनी भाग उभा आहे. परंतु तें लेखपत्र लिहिणाऱ्यानें दिलेला शब्द अखेरच्या श्वासापर्यंत पाळला.

त्या सुमारास लंकाद्वीपांतील कॅथलिकांची हलाखी गोव्यांत लोकांच्या कानीं येत होती. त्या बेटाच्या किनाऱ्यावर पूर्वीं पोर्तुगीजांचा अंमल असतां तेथें पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले होते. पुढें वलंदेजांनीं १६५६ सालीं कोलंबो व १६५८ सालीं जाफना हीं ठाणीं जिंकलीं. वलंदेज हे कॅल्व्हिनच्या पंथाचे. त्यांनीं कॅथलिक धर्मगुरूंस घालवून दिलें, देवळें आपल्या ताब्यांत घेतलीं आणि धर्मगुरूस आश्रय देणाऱ्यास देहांताची शिक्षा ठरविली. तेव्हांपासून तेथील आमच्या बांधवांस मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणकाळीं तैलाभ्यंग नाहीं, अशी स्थिति झाली. कित्येकांनीं भीतीपोटीं नव्या राज्यकर्त्यांचा पंथ वरकरणी पत्करला. कित्येक घराचें दार लावून घेऊन जपमाळ म्हणत राहिले.

ही वार्ता ऐकून फादर वाझ यांच्या जिवास चैन पडेना. लंकेस जाण्याची परवानगी त्यांनीं मागितली. परंतु वरिष्ठांनीं १६८१ सालीं त्यांस प्रथम कानडा प्रांतीं धाडलें. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर या भागांत त्यांनीं सुमारें तीन वर्षें काम केलें. तेथें छळ करणारा परका राजा नव्हता. पण दुसरेंच संकट होतें. गोव्याचे आर्चबिशप व रोमहून नेमलेले बिशप तोमास द कास्त्रो यांच्या अधिकारासंबंधीं तंटा पडला होता व त्यामुळें भाविकांत दोन तट झाले होते. फादर वाझ यांनीं आपल्या बाजूचा कैवार सोडला नाहीं, तरी दुसऱ्या बाजूच्या बिशपांशीं नम्रतेनें बोलणें लाविलें आणि लोकांच्या मनांतील कडवटपणा जावा म्हणून आपल्याकडून होईल तें केलें. मंडळीला बाहेरच्या शत्रूपेक्षां घरांतील दुहीनें अधिक इजा होते, हें त्यांनीं ऐन तारुण्यांत जाणलें होतें.

१६८४ सालीं ते गोव्यास परतले. त्या काळीं येथील देशी धर्मगुरूंस युरोपीय संन्यासी संघांत प्रवेश मिळत नसे. म्हणून जुन्या गोव्यांतील चमत्कारी क्रुसाच्या देवळापाशीं कांहीं गोमंतकीय धर्मगुरु एकत्र राहून प्रार्थनेचें व सेवेचें जीवन आचरीत होते. १६८५ सालीं फादर वाझ त्यांस येऊन मिळाले व लवकरच त्यांचे वरिष्ठ झाले. संत फिलिप नेरी यांच्या ओरॅटरीचा नियम या मंडळानें पत्करला. अशा रीतीनें आमच्या देशी धर्मगुरूंचा पहिला संघ उभा राहिला. वरिष्ठपद, मानमान्यता, मित्रांचा सहवास, सर्व कांहीं आतां हातीं आलें होतें. परंतु लंकेंतील त्या अनाथ मंडळीचा विसर त्यांस पडला नाहीं. पद दुसऱ्याच्या हवालीं करून १६८६ सालीं ते जॉन नांवाच्या एका विश्वासू सेवकासह दक्षिणेकडे निघाले.

किनाऱ्याकिनाऱ्यानें तुतिकोरिनपर्यंत जाऊन तेथून ते १६८७ सालीं लंकेच्या गलबतांत चढले. अंगावर धर्मगुरूचा झगा नव्हता. मजुराचें फाटकें वस्त्र होतें. वादळामुळें प्रवास लांबला, अन्नपाण्याचे हाल झाले, आणि जाफन्यास पोंचल्यावर अतिसारानें त्यांस अगदीं खालीं पाडलें. ते रस्त्याच्या कडेस पडून होते. एका दयाळू बाईनें त्यांस पेज आणून दिली. जॉनलाही तोच आजार जडला होता. ज्यांना शोधावयास आपण आलों त्यांचें दर्शनही न होतां मरण येणार, असें वाटण्याजोगी ती वेळ होती. परंतु प्रभूच्या कृपेनें दोघेही बरे झाले.

आतां प्रश्न पडला तो हा, कीं कॅथलिक कोण हें ओळखावें कसें? उघड विचारावें तर विचारणारा पकडला जावयाचा आणि सांगणाराही. तेव्हां फादर वाझ यांनीं गळ्यांत जपमाळ घातली व भिक्षेकऱ्याच्या वेषांत ते दारोदार फिरूं लागले. बहुतेक दारीं त्यांस भिक्षा मिळे किंवा नकार मिळे. त्यांचे डोळे मात्र एवढेंच पाहत, कीं ती माळ पाहून कोणाची मुद्रा पालटते कीं काय. एका घरीं ती पालटली. त्या घरच्या माणसांशीं हळूहळू बोलणें होऊन, हा भिकारी नव्हे, धर्मगुरु आहे, हें जेव्हां त्यांस उमगलें, तेव्हां त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नसेल! सुमारें तीस वर्षांनीं त्यांच्या घरीं पुन्हां मिस्सा होणार होती.

त्या बांधवांनीं त्यांस जाफन्यानजीक सिल्लालै या गांवीं नेऊन ठेविलें. तेथील लोक धर्माविषयीं दृढ होते. दिवसा फादर वाझ लपून राहत. रात्रीं घराघरांतून मिस्सा, पापनिवेदन, बाप्तिस्मा, लग्नें असें काम चाले. ही बातमी वलंदेजांस लागल्यावांचून कशी राहील? १६८९ च्या नाताळांत त्यांच्या शिपायांनीं छापा घातला व पुष्कळ भाविकांस धरून नेलें. कांहींनीं अतोनात हाल सोसले, पण आपल्या धर्मगुरूचा ठावठिकाणा सांगितला नाहीं. फादर वाझ निसटले. ज्यांनीं त्यांच्यासाठीं मार खाल्ला ते कोणी मोठे विद्वान नव्हते. साधे गांवकरी होते. आपल्यामुळें बांधवांस दुःख झालें, हें शल्य सोबत घेऊनच ते पुत्तलमकडे गेले असतील, असें आम्हांस वाटतें.

पुत्तलम कँडीच्या सिंहली राजाच्या हद्दींत होतें. तेथें कांहीं काळ काम करून १६९२ सालीं ते राजधानींत शिरले. परंतु हा पोर्तुगीजांचा हेर आहे अशी चुगली कोणी केल्यामुळें राजा विमलधर्मसूर्य दुसरा यानें त्यांस बंदींत टाकलें. बंदिवासाचाही त्यांनीं उपयोगच करून घेतला. सिंहली भाषा ते तेथें शिकले. कैदेच्या आवारांत लहानशी झोंपडी उभारून तिलाच त्यांनीं देऊळ केलें. पहारा सैल होतांच गांवांतील कॅथलिक एकेक करून तेथें जमूं लागले. अशा रीतीनें कँडीच्या मंडळीचा आरंभ तुरुंगांत झाला.

पुढें एकदां मोठें अवर्षण पडलें. पिकें करपलीं. सर्व उपाय थकल्यावर लोकांनीं ख्रिस्ती धर्मगुरूस प्रार्थना करावयास सांगितलें. राजवाड्याजवळ वेदी मांडून, तिजवर क्रूस ठेवून, फादर वाझ गुडघे टेकून प्रार्थना करीत राहिले. आणि मुसळधार पाऊस झाला, अशी परंपरा आहे. तेव्हांपासून राजाची मर्जी त्यांजवर बसली व राज्यांत धर्मोपदेश करण्याची त्यांस मोकळीक मिळाली.

पुढें गोव्याहून त्यांच्या संघाचे धर्मगुरु मदतीस येऊं लागले. त्यांपैकीं फादर जोसेफ कार्व्हाल्यो यांचें नांव विशेष सांगितलें पाहिजे; कारण १६९७ सालीं कँडींत देवीची भयंकर साथ उद्भवली, तेव्हां गुरुशिष्यांनीं मिळून जें केलें तें विसरतां येत नाहीं. लोक भीतीनें आपल्या आजारी माणसांस रानांत टाकून पळत होते. हे दोघे त्या टाकलेल्या जिवांस शोधीत, झोंपड्या बांधून त्यांत त्यांस ठेवीत, त्यांस अन्नपाणी देत, व्रणें धूत, आणि मेलेल्यांस आपल्या हातांनीं पुरीत. ख्रिस्ती कोण, बौद्ध कोण, हा भेद त्यांनीं पाहिला नाहीं. जाफन्याच्या रस्त्यावर पडलेल्या ज्या परक्याला एका बाईनें पेज पाजली होती, त्यानें तें ऋण शेंकडोपटीनें फेडलें.

१७०५ सालीं दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस येऊन मिळाले. सिंहली व तमिळ या दोन्ही भाषांत त्यांनीं धर्मग्रंथ लिहून लोकांस त्यांच्या स्वतःच्या वाणींत प्रार्थना करावयास शिकविलें. फादर वाझ स्वतः मात्र वेष पालटून वलंदेजांच्या मुलुखांत पुनःपुन्हां जात, आणि जेथें धर्मगुरु वर्षांतून एखादवेळींच पोंचे, तेथें गांवांतील एका वडील माणसाकडे मंडळी जमविण्याचें, प्रार्थना सांगण्याचें व अडल्या वेळीं बाप्तिस्मा देण्याचें काम सोंपवीत. त्यांस लंकेचें मुख्य धर्माधिकारीपद देऊं केलें असतां त्यांनीं तें नम्रपणें नाकारलें.

सततच्या पायपिटीनें व उपासांनीं झिजलेलें तें शरीर ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें पडलें. वय अवघें ५९ होतें. गोव्यास ते परत गेलेच नाहींत. त्यांच्या मृत्युसमयीं बेटांत सुमारें ७०,००० कॅथलिक होते, असें चरित्रकार सांगतात. त्यांची समाधि नेमकी कोठें होती हें आतां कोणास ठाऊक नाहीं; पण त्यांनीं गोळा केलेली मंडळी आजतागायत जिवंत आहे. ता. २१ जानेवारी १९९५ रोजीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं कोलंबो येथें त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि त्याच शहरीं ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

वाचकहो, हें चरित्र वाचून आम्हांस एक गोष्ट मनापासून कबूल करावीशी वाटते. देवाच्या जवळ जाणें म्हणजे आपण व देव एवढेंच दोघांचें नातें, असें आम्ही पुष्कळदां मानतों. मिस्सेस यावें, आपल्या बाकावर बसावें, आपली प्रार्थना म्हणावी आणि घरीं जावें. फादर वाझ यांची भक्ति अशी नव्हती. मरियेच्या चरणीं स्वतःस वाहून घेतल्यावर त्या भक्तीनें त्यांस एका जागीं बसूं दिलें नाहीं. तिनेंच त्यांस परक्यांच्या दारोदार हिंडविलें. आणि सिल्लालैच्या त्या गांवकऱ्यांकडे पाहिलें तरी हेंच दिसतें. धर्मगुरूवांचून तीस वर्षें त्यांची श्रद्धा टिकली, ती कोणी एकट्यानें टिकविली नाहीं. आईनें मुलास, शेजाऱ्यानें शेजाऱ्यास प्रार्थना शिकवून ती राखली.

आमच्या धर्मग्रामांत वलंदेजांचा छापा पडत नाहीं. तरीही हरवलेले बांधव येथें नाहींत असें कोणी म्हणावें? बांधाच्या किंवा वाटणीच्या भांडणापायीं वर्षानुवर्षें एकमेकांशीं न बोलणारे दोघे भाऊ एकाच वेदीपाशीं ख्रिस्तप्रसाद घेतात. आजारानें खाटेस खिळलेली एखादी म्हातारी घंटेचा आवाज ऐकते, पण तिच्याकडे कोणी फिरकत नाहीं. पोटासाठीं परगांवाहून आलेला मजूर देवळाच्या दाराशीं उभा राहतो आणि मिस्सा संपतांच कोणाशींही न बोलतां निघून जातो. त्याच्याही गळ्यांत जपमाळ असते. ती पाहून आमची मुद्रा पालटते काय?

ज्युबिलीचे दिवे चार दिवसांनीं उतरतील, पताका वाऱ्यावर विरतील. त्यापूर्वीं प्रत्येक घरानें एवढें तरी करावें, कीं ज्या दारीं आपण फार दिवसांत गेलों नाहीं, अशा एका दारीं जावें. आणि ज्याच्याशीं बोलणें तुटलें असेल त्याच्याशीं पहिला शब्द आपण बोलावा. दारोदार फिरलेले ते संत आमच्यासाठीं देवापाशीं मध्यस्थी करोत, आणि आम्हां सर्वांस एका कुटुंबाप्रमाणें त्याच्या घरीं एकत्र आणोत, हीच आमची नम्र प्रार्थना.