चिंचोक्यांची वजाबाकी

शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेस्तोवर आठ वाजतात. परवा लेक वजाबाकीवर रडकुंडीला आलेली. मी डब्यातले चिंचोके ओतले. पाच बाजूला सारले, उरलेले मोजले, मगच आकडा लिहिला तिनं!

मला ताराबाई मोडक आठवल्या. जन्म १८९२चा. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून १९४५मध्ये त्या बोर्डीला आल्या, तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यात. माँटेसरीची साधनं महागडी, गावात कुणाला परवडणार? बाईंनी बिया, शिंपले, खडे, पानं हीच साधनं केली. पुढे कोसबाडला गुराख्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३मध्ये त्या गेल्या.

काल लेकीनं चिंचोके मागितलेच नाहीत. वहीत गोळे काढले, पाच खोडले.