वलगावची काजळी, स्टुटगार्टची ठिणगी

परतवाड्याहून अमरावतीला येताना आमची वीस-बावीस वर्षांची जुनी गाडी वलगावात बंद पडली. खरे म्हणजे बंद पडत राहिली. रेस दिली की चालायची. पाय काढला की थरथरायची आणि गप्प व्हायची. इथल्याच पेढी नदीच्या पुलावर 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी गाडीतच देह ठेवला, म्हणून सौ. दर खेपेला इथे हात जोडते. या वेळी तिने जरा जास्तच वेळ जोडले.

गॅरेजातल्या पोराने लॅपटॉप काढला. पूर्वीचे मिस्त्री कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून स्लो वाढवून द्यायचे. आता ते काम ईसीयू नावाचा कॉम्प्युटर करतो. पाय काढल्यावर हवा एका बारीक वाटेने इंजिनात जाते आणि त्या वाटेवरचा व्हॉल्व्ह तो कमीजास्त उघडतो. मिनिटाला साडेआठशे फेरे हवेत, पडद्यावर दिसत होते पाचशे. मी म्हटले, तो आकडाच वाढवून टाक. पोरगा हसला. काकाजी, म्हणाला, वाटच काजळीने बुजली असेल तर आकडा वाढवून हवा येणार कुठून? आणि पाने घेऊन कामाला लागला.

फळीवर बॉशच्या स्पार्क प्लगची डबी होती. तिच्यावरचे गोलातले चिन्ह म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोमधल्या आर्मेचरचा छेद, हे किती जणांना ठाऊक असते?

रॉबर्ट बॉश 1861 साली जर्मनीत उल्मजवळच्या आल्बेक गावी जन्मला, बारा भावंडांतला अकरावा. बाप शेतकरी आणि खाणावळवाला. पोराने बारीक यंत्रकाम शिकून घेतले, अमेरिकेत एडिसनच्या कारखान्यात राबला आणि 1886 मध्ये स्टुटगार्टला एक कारागीर व एक पोऱ्या घेऊन छोटे वर्कशॉप थाटले. पहिली दहा वर्षे ओढगस्तीची. गिऱ्हाइकांकडे तो सायकलवरून जाई.

दैव उघडले ते 1897 मध्ये, आणि तेही फेऱ्यांच्याच प्रश्नावर. कारखान्यांतल्या जागच्या जागी चालणाऱ्या संथ इंजिनांसाठी तो मॅग्नेटो बनवत असे. एकाने ते तीनचाकी मोटारीला बसवायला सांगितले. मोटारीचे इंजिन कितीतरी वेगाने फिरणारे. जड आर्मेचर त्या वेगाने हलेना. त्याच्या त्सेरिंगर नावाच्या फोरमनने आर्मेचर स्थिर ठेवून भोवतालची हलकी नळी हलवली आणि प्रश्न सुटला. 1902 मध्ये होनोल्ड या सहकाऱ्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग दिला. बॉशचा मोठेपणा मला इथे दिसतो: डोकी दुसऱ्यांची, पण ती हेरली त्याने.

1906 मध्ये त्याने आठ तासांची पाळी सुरू केली. पहिल्या महायुद्धातला नफा लाखांनी दान केला. 1940 मध्ये स्टुटगार्टला इस्पितळ उभारले, आणि तेही होमिओपॅथीचे! आमच्या घरातल्या साबुदाण्याच्या गोळ्यांना केवढा हा आधार. तेव्हाचा एकुलता मुलगा मात्र 1921 मध्ये गेला.

पण कथा इथे गोड होत नाही. हिटलरच्या राज्यात त्याने ज्यूंना मदत केली, पुढे हिटलरविरोधी कटात फाशी गेलेल्या गोर्डेलरला सल्लागार म्हणून आसरा दिला. आणि त्याच वेळी त्याचे कारखाने युद्धसामग्री बनवत होते. युद्धकाळात तिथे सुमारे 20 हजार माणसांना वेठीला धरून राबवले गेले. 12 मार्च 1942 रोजी तो वारला आणि नाझी सरकारने त्याची सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली. त्याला हे रुचले असते का, कोण जाणे. मला हा माणूस पुरता पचत नाही, सोडवतही नाही.

1951 मध्ये बंगळुरूला मायको निघाली, पुढे नाशिकच्या सातपूरलाही तिचा कारखाना झाला. तिकडे 1979 मध्ये त्याच्या कंपनीने पेट्रोलची फवारणी आणि ठिणगी या दोन्ही गोष्टी एकाच कॉम्प्युटरच्या हाती दिल्या. पोराच्या लॅपटॉपवर जे दिसत होते, त्याचे मूळ त्यातच.

तासाभराने पोराने थ्रॉटल पुसून बसवला. काजळीने फडके काळे झाले होते. इंजिन साडेआठशेवर धरले. मग कुठे त्याने लॅपटॉपला हात लावला: जुन्या इंजिनाला वऱ्हाडच्या उन्हात एसी सोसवावा म्हणून पन्नास फेरे वाढवले. आमच्या गाडीच्या ईसीयूत तेवढी मोकळीक होती, सगळ्यांत नसते.

पुलापाशी गाडी कडेला घेतली, पाय काढला. सौ.ने पुन्हा हात जोडले. काटा नऊशेवर होता.